मँगो स्ट्रीटवरच्या खिडक्या

सँड्रा सिस्नेरोसची ‘द हाउस ऑन मँगो स्ट्रीट’ ही कादंबरी इथे अमेरिकेत वाढलेल्या आपल्या पोरांनी शाळेत वाचलेली असते, आणि आपण आईबापांनी बहुतेक वेळा तिचं फक्त कव्हर पाहिलेलं असतं. आमच्याकडे लेकीची आठवीतली प्रत बेसमेंटमध्ये जुन्या वह्यांच्या खोक्यात पडून होती. समासात पेन्सिलीने ‘सिम्बॉल’, ‘थीम’, पुन्हा ‘सिम्बॉल’ असं लिहिलेलं. यंदाच्या थंडीत, ड्राइव्हवेवरचा बर्फ काढून हात सुन्न झालेले असताना, मी ती वाचायला घेतली. जेमतेम शंभरेक पानांचं पुस्तक, जेवणाच्या आत संपलं. दुसऱ्या दिवशी परत उघडलं, कारण मला जे लागलं होतं ते त्या समासात कुठेच नव्हतं.

शाळेच्या हिशेबाने ही ‘घराचं स्वप्न पाहणाऱ्या मुलीची गोष्ट’. मला विचाराल तर घर हे निमित्त आहे. ही खिडकीत बसलेल्या बायकांची गोष्ट आहे. एक मुलगी त्यांच्याकडे परीक्षेच्या आदल्या रात्री दुसऱ्याची वही चाळावी तशी बघते: हिचं काय झालं, तिचं काय झालं, मग माझं काय होणार?

मुलीचं नाव एस्पेरान्सा कॉर्डेरो. वय सांगितलेलं नाही, पण अडनिडं आहे हे पानोपानी कळतं. आईवडील, कार्लोस आणि किकी हे भाऊ, मागे मागे येणारी धाकटी बहीण नेनी. मेक्सिकन कुटुंब, शिकागो शहर. आधी लूमिस स्ट्रीटवर तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होते. तिथले पाण्याचे पाइप फुटले, घर जुनं म्हणून मालकाने दुरुस्त केले नाहीत, आणि शेजारून दुधाच्या रिकाम्या गॅलनमध्ये पाणी भरून आणावं लागलं. मग घाईघाईने मँगो स्ट्रीटवर स्वतःचं घर घेतलं. आईवडिलांनी वर्णन केलं होतं ते पांढरं घर, आत खरा जिना, कमीत कमी तीन बाथरूम. मिळालं ते लहानसं लाल घर. विटा भुगा होत चाललेल्या, पुढचा दरवाजा फुगलेला, आत शिरायला खांदा लावावा लागणारा, बाथरूम एकच.

लूमिसच्या घरातला एक प्रसंग सुरुवातीलाच येतो. शाळेतली एक नन रस्त्याने जाताना एस्पेरान्साला बघते आणि विचारते, तू राहतेस कुठे? मुलगी तिसऱ्या मजल्याकडे बोट दाखवते. रंगाचे पोपडे निघालेले, पोरं पडू नयेत म्हणून वडिलांनी खिडकीला ठोकलेल्या लाकडी पट्ट्या. नन म्हणते, तिथे? बस, एवढंच. त्या ‘तिथे?’ने मुलगी आतून पार चिरडून जाते. मी काळाचौकीच्या चाळीत वाढले. कॉलेजात कोणी पत्ता विचारला की मी फक्त ‘लालबागजवळ’ म्हणायचे आणि विषय बदलायचे, त्यामुळे या पानावर मला काही समजावून सांगायची गरज पडली नाही.

हे घर सिस्नेरोसला सुचलं त्याची हकिगत पुस्तकाइतकीच वाचण्यासारखी आहे. तिचा जन्म १९५४चा, शिकागोतलाच. वडील मेक्सिकोहून आलेले, सोफ्या-खुर्च्यांना कापड चढवण्याचं काम करायचे. सहा भावांत ही एकटी बहीण. कुटुंबाची मेक्सिको सिटी आणि शिकागो अशी सारखी ये-जा, दर वेळी नवीन भाड्याची जागा. लॉयोला विद्यापीठातून १९७६मध्ये पदवी घेऊन ती आयोवाच्या प्रसिद्ध रायटर्स वर्कशॉपमध्ये गेली. तिथे एका तासाला गास्तों बाशलार या फ्रेंच विचारवंताच्या पुस्तकावर चर्चा चालली होती: घर म्हणजे माणसाच्या स्मृतीचा साठा, माळा, तळघर, जिने, कोपरे वगैरे. वर्गातली बाकीची मंडळी रमून बोलत होती आणि हिच्या लक्षात आलं की आपल्याकडे असलं घरच नव्हतं. आपल्याकडे होते ते तिसरे मजले, उंदीर आणि भांडणारे शेजारी. त्या तासाला तिला लाज वाटली, मग राग आला, आणि त्या रागातून तिने ठरवलं की या वर्गातल्या कोणालाच लिहिता येणार नाही ते आपण लिहायचं.

पुढे शिकागोला परतल्यावर ती शाळा सोडलेल्या लॅटिनो मुलामुलींच्या एका पर्यायी शाळेत शिकवायला लागली. मला वाटतं पुस्तक खरं तिथे बदललं. आयोवात ती स्वतःची गोष्ट लिहीत होती. शाळेत तिच्यासमोर मार खाऊन आलेल्या, कडेवर मूल घेऊन आलेल्या पोरी बसायला लागल्या आणि त्यांची आयुष्यं मँगो स्ट्रीटवर राहायला आली. १९८४मध्ये ह्यूस्टनच्या आर्ते पुब्लिको प्रेस या छोट्या प्रकाशनाने ते छापलं. मोठ्या प्रकाशनाकडून ते १९९१मध्ये आलं, आणि मग सगळ्या देशभर गेलं.

रूप अगदी साधं. चव्वेचाळीस तुकडे, काही अर्ध्या पानाचे, क्वचित एखादा चार पानांचा. संवादांना अवतरणचिन्हं नाहीत, त्यामुळे कोण बोललं आणि कोणी मनात म्हटलं हे मिसळून जातं. कामावरून दमून आलेल्या माणसाने कुठलंही पान उघडावं आणि त्याला ते कळावं, असा लेखिकेचा हेतू होता. माझ्यासारख्या दिवसभर डेंटल इन्शुरन्सचे क्लेम भरणाऱ्या बाईला हा हेतू पटतो.

आता रस्त्याबद्दल. पुस्तकातला मँगो स्ट्रीट कल्पित आहे, पण सिस्नेरोसच्या आईवडिलांनी १९६६मध्ये खरोखर घर घेतलं ते शिकागोच्या हम्बोल्ट पार्क भागात, कॅम्पबेल ॲव्हेन्यूवर. मेक्सिकन कुटुंब, पण वस्ती मुख्यतः पोर्तो रिकन लोकांची. त्याच वर्षीच्या जूनमध्ये जवळच डिव्हिजन स्ट्रीटवर पोलिसांनी एका पोर्तो रिकन तरुणाला गोळी घातली आणि दंगल उसळली. गोरी कुटुंबं त्या भागातून आधीपासून निघत होती, ती आणखी भराभर निघाली. पुस्तकात दंगल नाही, निघून जाणं मात्र आहे, एका पोरीच्या तोंडून. कॅथी नावाची मांजरवाली शेजारीण एस्पेरान्साला म्हणते, मी तुझी मैत्रीण होईन, पण फक्त येत्या मंगळवारपर्यंत, कारण मंगळवारी आम्ही चाललो. वस्ती बिघडत चालली आहे म्हणे. एस्पेरान्सा मनात म्हणते की आमच्यासारखे लोक येत राहतील तसतसं या लोकांना अजून थोडं उत्तरेला सरकावं लागणार. मी शांबर्गमध्ये राहते, शहराच्या वायव्येला. तिथून सरकत सरकत निघालेल्या कितीतरी कॅथी आमच्याच बाजूला येऊन थांबल्या होत्या. आता आमच्या गल्लीत दोन तेलुगू घरं, एक गुजराती आणि आम्ही. पुढच्या मंगळवारी कोण निघालंय ते बघायचं!

आणखी एक तुकडा जेमतेम पाऊण पानाचा आहे. बाहेरचे लोक आमच्या वस्तीत चुकून शिरले की घाबरतात, चाकू बाहेर निघतील असं त्यांना वाटतं, आम्हाला हसू येतं. आणि आम्ही दुसऱ्या रंगाच्या वस्तीतून गाडीने गेलो की आमचेही गुडघे लटपटतात, काचा वर जातात. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमातून परतताना आपल्या गाड्यांच्या काचा कुठे वर जातात ते आपल्यालाही ठाऊक आहे.

आज डिव्हिजन स्ट्रीटवर दोन्ही टोकांना पोलादी पोर्तो रिकन झेंडे उभे आहेत, १९९५पासून. आम्ही तिथे जिबारितो खायला जातो. ब्रेडऐवजी कच्च्या केळ्याचे चेपून तळलेले काप, मध्ये शाकाहारी काहीतरी भरून देतात. उत्तरेला थोडं चाललं की जुन्या मालगाडीच्या रुळांवर २०१५मध्ये केलेला उंच पदपथ आहे. त्याच्या आजूबाजूला घरांच्या किमती अशा चढल्या की एस्पेरान्साच्या वडिलांना तिथलं गॅरेजही परवडलं नसतं.

पण मला सांगायचंय ते बायकांबद्दल.

एस्पेरान्साला नाव मिळालंय पणजीचं. पणजी रानटी घोडीसारखी होती, लग्नाला तयार नव्हती, तर पणजोबाने डोक्यावर पोतं टाकून तिला उचलून नेलं. मग ती आयुष्यभर खिडकीत कोपरावर हनुवटी टेकून बसली. मुलगी म्हणते, नाव मी घेतलं, खिडकीतली जागा नाही घेणार. इथून पुढे कादंबरी त्या खिडकीच्या एकेक नव्या मालकिणी दाखवत जाते. राफाएला देखणी आहे म्हणून नवरा तिला कुलपात ठेवतो. दर मंगळवारी तो डॉमिनो खेळायला गेला की ती खिडकीतून दोरीला कागदी पिशवी बांधून खाली सोडते आणि पोरींकडून नारळाचा नाहीतर पपईचा रस मागवते. मिनर्व्हा एस्पेरान्सापेक्षा थोडीशीच मोठी आहे, पदरात दोन मुलं, नवरा सोडून जातो आणि परत येतो. मुलांना झोपवून ती कागदाच्या चिटोऱ्यांवर कविता करते आणि घडी घालघालून जवळ ठेवते. एक दिवस ती काळीनिळी होऊन येते, आता काय करू म्हणून विचारते. एस्पेरान्साकडे उत्तर नाही. लेखिकाही उसनं उत्तर देत नाही, याबद्दल तिला माझा नमस्कार.

आणि मामासीता. तिच्या नवऱ्याने दोन-दोन नोकऱ्या करून पैसे साठवून तिला देशाहून आणलं. टॅक्सीतून उतरली ती नखशिखांत गुलाबी. तिसऱ्या मजल्यावर चढली आणि नंतर खालीच आली नाही. कोणी म्हणतं जाडीमुळे, कोणी म्हणतं जिन्यांमुळे. एस्पेरान्साला वाटतं ती इंग्रजीला घाबरते. तिला म्हणे आठच शब्द येतात: घरमालक आला तर ‘ही नॉट हिअर’, इतर कोणी आलं तर ‘नो स्पीक इंग्लिश’, आणि कुठून शिकली कोण जाणे, ‘होली स्मोक्स’. इथे एस्पेरान्साला वडिलांची आठवण होते. ते या देशात आले तेव्हा तीन महिने तिन्हीत्रिकाळ ‘हॅमन्डेग्ज’ खात होते, कारण हॉटेलात तेवढाच एक शब्द मागता येत होता. मामासीता दिवसभर खिडकीत बसून देशाची गाणी लावते. परत कधी जायचं विचारते. नवरा ओरडतो, हेच घर आहे. आणि शेवटी तिचं तान्हं पोर बोलायला लागतं ते टीव्हीवरची पेप्सीची जाहिरात इंग्रजीत गात.

आमच्या सबर्बात दर उन्हाळ्यात आज्या येतात, सहा महिन्यांच्या व्हिसावर. फूटपाथ आहे, पण तो कुठेच जात नाही. बस नाही. मुलगा-सून कामावर, नातवंडं कॅम्पला. माझ्या सासूबाई चार वाजता गराजच्या दाराशी खुर्ची टाकून बसायच्या आणि पोस्टाच्या गाडीची वाट बघायच्या. पत्र यायचं म्हणून नव्हे, पोस्टमन हात हलवायचा म्हणून.

दुसऱ्या एका तुकड्यात पहाटे वडील येऊन एस्पेरान्साला सांगतात की आजोबा गेले, आणि ते रडतात. तिने वडिलांना रडताना कधी पाहिलेलं नाही. ती थोरली, म्हणून बाकीच्यांना तिने सांगायचं, आज खेळायचं नाही, दंगा नाही. परदेशात राहणाऱ्या कोणालाही हे पान सोपं जाणार नाही. रात्री अडीचचा फोन आपल्या सगळ्यांच्या घरी वाजलाय.

पुस्तकाचा गाभा माझ्या मते शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात आहे, सॅलीच्या प्रकरणांत. सॅली सुंदर, शाळेत धुरकट रंगाचे स्टॉकिंग्ज घालणारी, बाप बेदम मारणारा. एस्पेरान्साला तिच्यासारखं व्हायचंय. एका पडीक बागेत, जिथे पूर्वी कोणाचं तरी माकड होतं, मुलं सॅलीच्या किल्ल्या लपवतात. परत हव्यात तर प्रत्येकाला एक पापा दे. सॅली हसत तयार होते. एस्पेरान्सा धावत त्यातल्या एका मुलाच्या आईकडे जाते, ती इस्त्री करत असते. ती विचारते, मग मी काय करू, पोलीस बोलावू? मुलगी तीन काठ्या आणि एक वीट उचलून सॅलीला सोडवायला जाते, आणि सॅलीसकट सगळे म्हणतात, घरी जा. तिला इतकी शरम वाटते की झाडाखाली पडून ती स्वतःचं हृदय थांबवायचा प्रयत्न करते. उठून पायांकडे बघते तर पांढरे मोजे, बेढब बूट, हे पाय आपले वाटत नाहीत. बालपण संपल्याचं याहून नेमकं पान मी तरी वाचलेलं नाही. कोणी मेलं नाही, कोणाला लागलं नाही. मोठ्या बाईने इस्त्री खाली ठेवली नाही, एवढंच झालं.

त्याच्या पुढच्याच तुकड्यात, जत्रेत सॅलीची वाट बघत उभ्या असलेल्या एस्पेरान्सावर अत्याचार होतो. नेमकं काय झालं ते ती सांगत नाही. ती सॅलीवर ओरडत राहते: तू खोटं सांगितलंस, सगळ्यांनी खोटं सांगितलं, मासिकांनी, सिनेमांनी. राग त्या मुलावर नाही, मैत्रिणीवर. वाचताना मला आधी हे खटकलं, मग वाटलं, बरोबर, आपल्याकडेही पोरीचा पहिला राग ‘मला कोणी सांगितलं का नाही’ हाच असतो.

लेकीच्या प्रतीत या तुकड्याचा समास कोरा होता. मी फोन केला.

“अगं आई, तो चॅप्टर आम्ही स्किप केला होता. टीचर म्हणाली, घरी पॅरेंट्सबरोबर वाचा.”

“मग वाचला का नाहीस आमच्याबरोबर?”

“तुझ्याबरोबर?” ती इतकी हसली की मीही हसले. मग म्हणाली, “सगळ्या मुलींनी बसमध्ये वाचला होता. मोठ्याने नाही.”

मग आम्ही त्या तुकड्यावर बराच वेळ बोललो. तिचं आता सव्वीस वय आहे, उशीर म्हणायचा तर म्हणा.

सॅलीचं पुढे काय होतं? आठवी व्हायच्या आत लग्न, दुसऱ्या राज्यात जाऊन, जिथे कायद्याने चालतं. नवरा तिला मैत्रिणींशी बोलू देत नाही, आणि आता तिला खिडकीतून बाहेर बघायलाही मनाई आहे. पणजीला निदान खिडकी तरी होती.

माझी एक तक्रार आहे. शेवटाकडे तीन म्हाताऱ्या बहिणी येतात, एस्पेरान्साचा हात बघतात, तू फार लांब जाशील म्हणतात, आणि जाशील तेव्हा जे जाऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी परत ये असं बजावतात. सुंदर लिहिलंय, पण सोयीचं वाटतं. लेखिकेला जे सांगायचंय ते भविष्यवाल्या बायकांच्या तोंडी घातलंय. त्यामानाने त्याच्या लगेच नंतरची अलिसिया मला हजारपट आवडते. अलिसियाची आई वारलेली, पहाटे लाटणं घेऊन बापाच्या डब्याचे तोर्तिया ती करते, मग दोन ट्रेन आणि एक बस करून विद्यापीठात जाते, कारण तिला आयुष्य कारखान्यात किंवा लाटण्यामागे काढायचं नाही. रात्री अभ्यास करताना तिला उंदीर दिसतात. बाप म्हणतो, उंदीर नाहीतच. एस्पेरान्सा म्हणते, मी इथे परत येणार नाही, कोणीतरी हा रस्ता सुधारेपर्यंत. अलिसिया विचारते, कोण सुधारणार, मेयर? आणि एस्पेरान्साला मेयर मँगो स्ट्रीटवर येण्याच्या कल्पनेनेच हसू फुटतं. तीन बहिणींची सगळी भविष्यवाणी या एका हशात मावते.

आईचा तुकडा चुकवू नका. ती ऑपेरा ऐकत ओटमील ढवळते. दोन भाषा येतात, टीव्ही दुरुस्त करता येतो, पण शहरात कुठली ट्रेन धरायची ते माहीत नाही. आणि मध्येच सांगते की शाळा का सोडली: कपडे बरे नव्हते म्हणून. डोकं होतं, कपडे नव्हते. ती हे चिडून सांगते, रडून नाही.

२०१०मध्ये ॲरिझोनाने एक कायदा केला आणि त्यामुळे टक्सनच्या शाळांतला मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासक्रम २०१२मध्ये बंद पडला. हे पुस्तक त्या अभ्यासक्रमात होतं. लोकांनी बंद पडलेल्या अभ्यासक्रमातली पुस्तकं गाड्यांत भरून टेक्ससहून ॲरिझोनाला नेली, आणि सिस्नेरोसही त्यांच्या बरोबर उभी राहिली. २०१७मध्ये कोर्टाने सांगितलं की त्या कायद्यामागे वंशद्वेष होता. शंभर पानांच्या पुस्तकाला एवढं घाबरायचं म्हणजे त्या मंडळींनी ते नीट वाचलं असावं!

वाचायचं झालं तर २००९ची पंचविसाव्या वर्षाची आवृत्ती मिळवा. तिच्यात सिस्नेरोसने नवी प्रस्तावना लिहिली आहे, शिकागोत एकटीने घेतलेल्या पहिल्या जागेबद्दल आणि आईबद्दल. आधी वाचू नका, शेवटी वाचा, कारण ऑपेरा ऐकणारी ती बाई तुम्हाला आधी ओटमील ढवळताना भेटलेली बरी. स्पॅनिश येत असेल तर मेक्सिकन लेखिका एलेना पोनियातोव्स्काने केलेला अनुवादही आहे. आमच्या लायब्ररीत तो मूळ पुस्तकाच्या शेजारीच असतो, आणि बहुतेक वेळा तोच बाहेर गेलेला असतो.